पाहुण्यांकडे वळवलेला वारा

फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरींचा हिशेब सरळ होता. क्लबात काही चांगलं घडलं की ते त्यांनी केलेलं असायचं आणि काही बिघडलं की ते आपोआप झालेलं असायचं. कुंपण त्यांनी घातलं, कँटीनला रंग त्यांनी दिला, नवं विमान त्यांनी आणलं. हँगरचे पत्रे मात्र उडाले आणि पाण्याचा पंप जळाला. यात लबाडी होती असं म्हणता येणार नाही. माणूस मनापासून तसंच धरून चालायचा. जमेची बाजू इतकी भरगच्च होती की समोर दुसरीही एक बाजू असते, हे ते विसरूनच गेले होते.

त्यांची धाकटी मुलगी त्याच क्लबात विमान चालवायला शिकली, हेही अर्थात त्यांनीच केलं होतं. खरं तर त्यांना तिला बँकेत चिकटवायचं होतं, आणि सुरुवातीचे कित्येक महिने ती मैदानावर कँटीनवाल्या मावशींना भेटायला जाते अशीच घरात समजूत होती. पण ती पहिल्यांदा एकटीने विमान उडवून आली त्या दिवसापासून सेक्रेटरी सांगू लागले, "मी हिला तान्ही असतानाच ओळखलं होतं. पाळण्यात पडल्या पडल्या नजर सारखी वर!"

त्यावर त्यांची बायको म्हणायची, "पाळण्यात पडल्यावर दुसरीकडे कुठे बघणार?"

आता धाकटीचं व्यावसायिक लायसन्स अगदी दाराशी आलं होतं. एक शेवटचं काम बाकी होतं. एकटीने लांबचा फेरा मारायचा, दोन परक्या मैदानांवर उतरायचं आणि सुखरूप आपल्या मैदानावर परत यायचं. मग लायसन्स, आणि लायसन्स आलं की विमानातून जमिनीचे फोटो काढणाऱ्या एका कंपनीत नोकरी. कंपनीने जागा राखून ठेवली होती. पण फेऱ्यात काही वेडंवाकडं झालं आणि दोष तिच्या माथी आला, तर लायसन्सही हुकणार आणि जागाही. धाकटी हे कोणाला बोलून दाखवत नव्हती. नुसती नखं खात होती.

हा फेरा कोणत्या दिवशी मारायचा हे मात्र सेक्रेटरींनी ठरवलं. त्या दिवशी क्लबात बाहीचं उद्घाटन होतं.

बाही म्हणजे वाऱ्याची बाही. शर्टाची बाही कापून खांबाला लावावी तशी एक लांबलचक कापडी पिशवी, तोंडाकडे रुंद, शेपटाकडे निमुळती. तिच्यात वारा भरतो, ती फुगते, आणि शेपूट ज्या दिशेला उडतं त्या दिशेला वारा वाहतोय हे वरून येणाऱ्याला कळतं. विमान नेहमी वाऱ्याला छातीवर घेऊन उतरवायचं असतं. वारा पाठीमागून आला तर विमान जमिनीला टेकायला तयारच होत नाही. धावपट्टी संपत येते आणि ते आपलं तरंगत राहतं. म्हणून ही बाही.

क्लबाची जुनी बाही केव्हाच फाटून तिच्या चिंध्या झाल्या होत्या. पण कोणाचं अडत नव्हतं, कारण कँटीनच्या मागे मावशी टेबलांवरची कापडं वाळत घालायच्या. लाल चौकड्यांची ती कापडं वरून लांबूनसुद्धा झकास दिसत. सगळे पायलट त्यांच्याकडे बघूनच उतरायचे. मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे कप्तान म्हणत, ते तर विद्यार्थ्यांना सांगायचे, "बाही खोटं बोलेल, मावशींचं धुणं खोटं बोलणार नाही." मावशींनाही या जबाबदारीची इतकी जाण होती की पावसाळी दिवसांतही त्या एखादं कापड दोरीवर ठेवूनच द्यायच्या.

तर अखेर नवी बाही आली. भगभगीत नारिंगी, आणि तिच्यावर क्लबचं नाव ठसठशीत अक्षरांत. सेक्रेटरींनी एक बडे पाहुणे बोलावले, खांबाजवळ शामियाना टाकला, खुर्च्या मांडल्या, खांबाला फीत बांधली. कार्यक्रमपत्रिकेत छापलं की पाहुणे फीत कापतील आणि त्याच वेळी सेक्रेटरींची कन्या लांबच्या फेऱ्याहून परतून मैदानावर अवतरेल.

सकाळी धाकटी निघाली तेव्हा वारा धावपट्टीच्या एका टोकाच्या ओढ्याकडून दुसऱ्या टोकाच्या कँटीनकडे वाहत होता. बाहीचं शेपूट शामियान्याकडे, अक्षरं पाहुण्यांसमोर. सेक्रेटरी खूश. दुपार झाली आणि वाऱ्याने पाठ फिरवली. तो रोजच दुपारी फिरतो. आता शेपूट ओढ्याकडे गेलं, आणि शामियान्यातून दिसायला लागलं ते बाहीचं नुसतं उघडं तोंड. नाव पार पलीकडे.

"हे काय दिसतंय?" सेक्रेटरी म्हणाले. "पाहुण्यांनी काय जांभई बघायची?"

पाहुण्यांची गाडी फाटकाशी येईपर्यंत त्यांनी दोन कामं उरकली. पहिलं, मावशींना हुकूम.

"मावशी, ते धुणं आधी उतरवा. समारंभ आहे, आणि मागे चड्ड्या लोंबतायत!"

"चड्ड्या कुठल्या? टेबलाची कापडं आहेत ती."

"लांबून सगळं सारखंच दिसतं."

"लांबून दिसावं म्हणूनच तर घातलीत," मावशी पुटपुटल्या, पण उतरवली.

दुसरं काम सेक्रेटरींनी स्वतःच्या हातांनी केलं, कारण अशी कामं दुसऱ्यावर सोपवली की बिघडतात. ते शिडीवर चढले. बाही ज्या खोक्यातून आली होती त्यातला फुगे-फुगेवाला प्लास्टिकचा कागद त्यांनी बाहीत ठासून भरला, तिचं शेपूट पकडलं आणि नायलॉनच्या बारीक दोरीने ओढून शामियान्याच्या खांबाला बांधून टाकलं. दोरी डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हती. बाही आता कशी टम्म, ताठ, आणि पाहुण्यांकडे वळलेली. नाव स्वच्छ वाचता येत होतं. सेक्रेटरी खाली उतरून चार पावलं मागे गेले, मान तिरकी करून पाहिलं, आणि वाऱ्याला शिस्त लावल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

ऑफिसातल्या वायरलेसवर त्या वेळी कोणी नव्हतं. कप्तानांसकट सगळे पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभे होते.

धाकटी ठरल्यापेक्षा जरा लवकरच आली. वरून तिने धुणं शोधलं, ते नव्हतं. मग नवी बाही बघितली. ती छान फुगलेली, सकाळसारखीच कँटीनकडे ताणलेली. म्हणजे वारा अजून ओढ्याकडूनच येतोय. ती कँटीनच्या डोक्यावरून ओढ्याच्या दिशेने उतरायला लागली, खरा वारा पाठीवर घेऊन. खुर्च्यांतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. विमान धावपट्टीवरून तरंगत तरंगत निघालं, अर्धी पट्टी गेली तरी टेकलं नाही, मग एकदाचं टेकलं, उडालं, परत टेकलं आणि पट्टी संपल्यावर तसंच पुढे जाऊन ओढ्यात नाक खुपसून उभं राहिलं. शेपूट वर. पाहुणे टाळ्या वाजवतच होते. त्यांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग.

सगळे पळत सुटले. सेक्रेटरी सगळ्यांच्या पुढे होते. कार्यक्रमातली कात्री त्यांच्या हातातच होती. निम्म्या वाटेवर मात्र ते थबकले. मागे वळून त्यांनी बाहीकडे पाहिलं. ती अजूनही पाहुण्यांकडे बघत उभी होती.

बाप म्हणून ते धावले होते; सेक्रेटरी म्हणून परत फिरले. धापा टाकत शिडीवर चढले, कागद बाहेर खेचला, दोरी कापली. बाही गर्रकन फिरली आणि ओढ्याकडे बोट दाखवायला लागली. कागद त्यांनी कँटीनच्या मागच्या पिंपात कोंबला आणि मग पुन्हा सगळी धावपट्टी पळत गेले. ते पोचले तेव्हा धाकटीला लोकांनी बाहेर काढलं होतं. हनुवटी फाटली होती, हात लोंबत होता, आणि ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, "बाही उलटी होती. बाही उलटी होती."

कप्तानांनी मान वळवून खांबाकडे पाहिलं. "उलटी कसली पोरी? ती बघ. आंधळ्यालाही वाचता येईल. डोळे असून बघायचं नाही, याला काय करायचं!"

धाकटीने बघितलं. बाही अगदी बरोबर होती. 

*

हाताला प्लास्टर आणि हनुवटीला टाके घेऊन धाकटी घरात बसून राहिली. कंपनीचा फोन आला. चौकशीचा निकाल काय लागतो ते बघून कळवू म्हणाले. ती आता स्वतःलाच विचारत होती की आपल्याला नेमकं काय दिसलं. एकदा तर आईला म्हणाली, "मला डोळे तपासून घ्यायला हवेत."

सेक्रेटरी पेपर वाचत होते. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

ती आत गेल्यावर बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही पोरीपाशी आलात तेव्हा तुमच्या हातात ती कात्री कशाला होती?"

"उद्घाटनाची होती. हातात राहून गेली."

"हो, ते मी पाहिलं. पण तुम्ही माझ्या पुढे पळत होतात. मी पोचले, मावशी पोचल्या, तो गुडघे धरून चालणारा क्लबाचा अध्यक्षसुद्धा पोचला. तुम्ही सगळ्यांच्या मागून आलात." तिने एक देठ मोडला. "कापलंत काय?"

सेक्रेटरींनी पेपर खाली ठेवला. मग त्यांनी सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या वाक्यांत "झालं"च्या जागी "केलं" येत होतं. बायकोने भाजी निवडणं थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्यापाशी बोलून काय उपयोग? चौकशीच्या बाई कधी येणारेत?"

*

चौकशीच्या अधिकारी बाई एका दुपारी कँटीनमध्ये येऊन बसल्या. समोर धाकटी, अध्यक्ष, कप्तान. चहा घेऊन मावशी. सेक्रेटरी उभे राहिले, घसा साफ केला आणि बोलले. बाही मी बांधली. धुणं मी उतरवायला लावलं. कागद मी भरला. पोरीचा काही दोष नाही.

 अध्यक्षांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला.

"बापाचं काळीज!" ते म्हणाले. "बाई, हा माणूस आयुष्यात कधी चुकला नाही. आणि बघा, लेकीसाठी आज काय काय अंगावर घ्यायला निघालाय."

"अहो, घ्यायला निघालोय काय? मी खरंच बांधली!"

"बसा, बसा," कप्तान त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "धन्य आहे तुमची. माझ्या वडिलांनी मला सायकलसुद्धा दिली नव्हती."

अधिकारी बाईही मवाळ झाल्या. "मलाही वडील आहेत," त्या म्हणाल्या. "मी समजू शकते. पण तुम्ही बाही बांधलेली कोणी पाहिली?"

कोणी पाहिली नव्हती. शामियानावाला सामान उचलून गेला होता. राहता राहिला फोटोग्राफर. त्याने पाहुण्यांचे समोरून, बाजूने, हार घालताना आणि पाणी पिताना असे भरपूर फोटो काढले होते, पण बाही एकाही फोटोत नव्हती. जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती वरच्या वर कापली गेली होती.

सेक्रेटरी चारी बाजूंना बघत राहिले. ज्या माणसाच्या नावे आजवर एकही चूक पडली नव्हती, त्याची पहिलीच चूक कोणी त्याच्या पदरात घालायला तयार होईना. एकटी धाकटी बापाकडे टक लावून बघत होती. रडत नव्हती, हसतही नव्हती.

"तुम्ही बांधलीत?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मी वेड्यासारखी डोळे तपासायला निघाले होते."

 कप्तान घड्याळ बघून उठले. एका विद्यार्थ्याला वर न्यायचं होतं. "संध्याकाळपर्यंत येतो," म्हणाले आणि जाता जाता धाकटीच्या डोक्यावर टपली मारून गेले. "बाही नव्हे, डोळे, पोरी. डोळे."

ते गेल्यावर मावशी कपबशा गोळा करत म्हणाल्या, "मला एक कळत नाही. तो फुगे-फुगेवाला कागद माझ्या पिंपात कसा आला? खोकं तर ऑफिसात होतं."

अधिकारी बाईंनी कप खाली ठेवला आणि सेक्रेटरींकडे नव्याने पाहिलं.

"खोटं बोलणारा माणूस जरा शहाणपणाचं खोटं बोलतो," त्या म्हणाल्या. "बाहीत कागद कोंबणं कोणाला मुद्दाम सुचेल असं मला वाटत नाही. चला, करून दाखवा. तशीच बांधा. मावशी, कापडं उतरवा. वर कोणी येणार नाही ना आत्ता?"

"कप्तान आहेत," अध्यक्ष म्हणाले, "पण ते संध्याकाळशिवाय येत नाहीत."

सेक्रेटरी शिडीवर चढले. शामियाना नव्हता म्हणून दोरी कँटीनच्या वाशाला बांधली. बाही पुन्हा टम्म फुगली, वाऱ्याकडे पाठ करून ताठ उभी राहिली. अधिकारी बाई मागे मागे जात बघत होत्या, आणि "अगदी खरी वाटते हो," असं म्हणत होत्या, इतक्यात इंजिनाचा आवाज आला.

कप्तानांच्या विद्यार्थ्याला हवेत उलटी झाली होती. ते लवकर परतत होते.

"वायरलेस!" बाई ओरडल्या. अध्यक्ष गुडघे धरून ऑफिसकडे निघाले. पण आपल्या मैदानाजवळ आलं की वायरलेस बंद करायचा, ही कप्तानांची जुनी खोड. घरी येताना कोणी दार वाजवतं का, असं ते म्हणायचे. सेक्रेटरी शिडीवरूनच दोरीशी झटापट करत होते. या वेळी हातात कात्री नव्हती आणि गाठ त्यांनीच मारलेली, म्हणजे पक्की.

विमान कँटीनच्या डोक्यावरून खाली आलं. थेट धाकटी आली होती तसंच. पट्टीवर आलं आणि तरंगायला लागलं. तरंगत निघालं, निघालं, पुढे गेलंच. धाकटी पायरीवर उभी राहून प्लास्टरचा हात उंच करून ओरडत होती, "वर! वर न्या!" अर्धी पट्टी मागे पडली, आणि मग एकदम इंजिन किंचाळलं, विमानाने नाक उचललं आणि ओढ्यावरून घासून जाईल इतक्या खालून ते वर चढलं. एक वळसा घालून कप्तान ओढ्याकडून आले आणि अंडं ठेवावं तसे अलगद उतरले.

विमानातून उतरताच ते गरजले, "ती बाही कोणी बांधली?"

"मी," सेक्रेटरी शिडीवरून म्हणाले. आवाजात कृतज्ञता होती. अखेर कोणीतरी विचारलं होतं.

कप्तानांनी बाहीकडे, धाकटीकडे आणि अधिकारी बाईंकडे आळीपाळीने पाहिलं. "मला शंका आलीच होती," ते म्हणाले. "मुद्दाम आलो त्या बाजूने. तपासायला."

"हो ना," अधिकारी बाई म्हणाल्या. "शर्ट बदला आधी. तपासता तपासता पार भिजलाय."

*

निकाल बाईंनी तिथेच तोंडी सांगितला. बाही उलटी बांधली होती हे सिद्ध झालं. तो दोष क्लबाकडे, म्हणजे सेक्रेटरींकडे. "पण," त्या धाकटीकडे वळल्या, "दुपारी इथला वारा फिरतो हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि विमान टेकत नाही हे पाहिल्यावर कप्तानांनी परत वर नेलं. तुम्ही का नेलं नाही?"

"तिला काय विचारताय!" सेक्रेटरी मध्येच उसळले. राजीनामा त्यांनी मघाशीच अध्यक्षांच्या खिशात कोंबला होता. "सांगितलं ना, दोष माझा आहे! सगळाच्या सगळा. हिचा यात काडीचाही संबंध नाही. माझ्या एकट्याच्या नावावर लिहा."

"बाबा, बसा," धाकटी म्हणाली.

"मी बसणार नाही. लायसन्सचा प्रश्न आहे तुझ्या."

"म्हणूनच बसा." ती बाईंकडे वळली. "अर्ध्या पट्टीवर मला कळलं होतं. गवत फार जोरात मागे पळत होतं. तेव्हाच वर न्यायला हवं होतं. पण खाली सगळे खुर्च्यांवर बसलेले, टाळ्या चाललेल्या. वाटलं, परत वर गेले तर उतरता आलं नाही असं दिसेल. म्हणून रेटलं."

बाईंनी हे कागदावर टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "लायसन्स जात नाही. थांबतं. हात बरा झाला की उतरण्याचा सराव पुन्हा, आणि तो फेरा पुन्हा. कंपनीला मी तसं कळवते. ते थांबतील की नाही, ते माझ्या हातात नाही."

"चालेल," धाकटी म्हणाली.

"चालेल काय?" सेक्रेटरी कळवळले. "अगं, मी एवढं सगळं कबूल केलं ते अर्ध्यासाठी?"

"अर्धं तुमचं ते तुम्ही घ्या. अर्धं माझं आहे, ते माझ्याकडे राहू द्या. तेही तुम्ही घेऊन टाकलंत तर पुढच्या वेळी मी काय शिकून वर जाऊ?"

सेक्रेटरींनी तोंड उघडलं. त्यांना म्हणायचं होतं की लोकांना कसं दिसेल ही खोड तिला आपल्याकडूनच लागली, तेव्हा तेही आपलंच. पण हे बोललो तर तेही श्रेय लाटल्यासारखंच दिसेल, असं त्यांच्या मनात आलं. ते खाली बसले.